होऊन जाईल

“तो छोटा बल्ब कुणी लावला? बंद करा आधी!”

दगडाच्या खाणीच्या तळाशी उभा राहून दिवेवाला होऊनजाईल ओरडला, आणि बुटांच्या जाहिरातीसाठी आणलेला तो उंचापुरा मॉडेल हातातला कंगवा तसाच धरून दचकला. बिचारा दिव्यासमोर आरसा धरून भांग पाडत होता.

“अहो, केस दिसत नव्हते मला.”

“केसांचं मी बघतो. फोटो बुटांचा आहे.”

कॅमेऱ्यामागे बसलेल्या फोटोग्राफर बाई हसल्या. त्यांनीच पुढे होऊन बल्ब बंद केला. स्टुडिओच्या दिव्याचं असं असतं, की त्याच्या पोटात दोन उजेड. एक फोटोच्या क्षणी लख्खकन चमकून जाणारा, आणि दुसरा साधा पिवळा बल्ब, उजेड कुठे पडणार ते दाखवायला नुसता जळत राहणारा. स्टुडिओत हा दुसरा दिवसभर जळला तरी कुणाच्या बापाचं काही जात नाही. पण जिथे प्लग नाही, प्लग लावायला भिंतच नाही, तिथे तो आयतोबा बॅटरी बसल्या जागी खाऊन टाकतो.

आणि बॅटरी एकच होती. दगडी कपारीच्या सावलीत, उलट्या टोपलीवर, वर छत्री बांधून होऊनजाईलने ती बसवली होती. शेजारी तिचा इन्व्हर्टर, त्यातून निघालेल्या दोन लांब वायरी, आणि वायरींच्या टोकाला दोन दिवे. दिवा चमकला की पुन्हा भरायला त्याला थोडा वेळ लागतो, आणि भरला की तो ‘टीं’ करतो. सकाळपासून होऊनजाईलचा जीव त्या टीं-टींमध्ये अडकला होता. टीं लवकर आली की बॅटरीत दम आहे. उशिरा आली की समजायचं, म्हातारी थकली.

एका स्टँडचा पेच मात्र सैल होत होता. त्याची मूठ कधीच तुटली होती आणि आत नुसता चौकोनी खिळा उरला होता. वारा आला की दिवा मान टाकायचा. पण त्यावरही होऊनजाईलने इलाज शोधला होता. एक चपटी पोलादी किल्ली त्या खिळ्यावर अशी बसली होती, की जणू मापाने घडवली. किल्ली पिरगाळायची, दिवा ताठ. त्याने ती तिथेच खिळ्यावर राहू दिली होती.

“मामा, तुम्ही म्हणजे ना, कशातूनही काम काढता,” बाई म्हणाल्या.

“त्यात काय! हाताला लागलं ते हत्यार.”

खरं नाव त्याचं त्याच्या बायकोलाही क्वचितच आठवत असेल. धंद्यात सगळे त्याला होऊनजाईलच म्हणत. पावसात दिवे लावायचेत? होऊन जाईल. गच्चीवर क्रेन चढत नाही? होऊन जाईल. ‘नाही जमणार’ हे दोन शब्द त्याच्या जिभेला जन्मात जमले नाहीत. आदल्या दिवशी जनरेटरवाल्याचा फोन आला की मशीन खोलून ठेवलंय, उद्या काही मिळणार नाही. तेव्हा बाईंनी स्वतःच विचारलं होतं, “मग उद्याचं रद्द करू या का, मामा? राग नाही माझा.” शहाण्या माणसाने तिथेच हो म्हणून गप्प बसावं की नाही? पण छे! होऊनजाईल म्हणाला, “रद्द कशाला? माझ्या घरी बॅटरी आहे. होऊन जाईल.”

घरी बॅटरी होती, हे खरं. ती दादाच्या खाटेखाली होती.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा होऊनजाईल हाफ पँटमध्ये होता. दादाने लग्न केलं नाही, गल्लीच्या तोंडाशी एवढासा स्टुडिओ टाकला आणि धाकट्याला वाढवलं. दिवा कुठे ठेवला की नाकाची सावली ओठावर पडत नाही, हे तो दादाच्या हाताखालीच शिकला. आता दादाच्या फुप्फुसांनी हात टेकले होते. डॉक्टर काहीही म्हणोत, दादा म्हणायचा, “डार्करूमच्या औषधांनी... माझाच फोटो... धुतला.” वाक्य तीन तुकड्यांत यायचं, पण विनोद सुटायचा नाही. खाटेशेजारी हवेचं यंत्र दिवसरात्र घुरघुरायचं आणि त्याची नळी दादाच्या नाकात. यंत्र विजेवर. वीज गेली तर बॅटरीवर. बॅटरीही गेली तर कोपऱ्यात ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर उभा होता, तासा-दोन तासांची बेगमी.

“दादा, उद्याच्या दिवस बॅटरी नेऊ?” त्याने काल संध्याकाळी विचारलं होतं.

“ने की,” दादा म्हणाला. मग श्वास. “वीज कुठे... जातेय हल्ली?” मग श्वास. “आणि सिलिंडर... आहेच.”

बायको दारात ओले हात पुसत उभी होती. तिला ते पसंत नव्हतं, पण भाऊजींनीच होकार दिल्यावर ती काय बोलणार? एवढंच म्हणाली, “तुमच्या पिशवीत गेलेली वस्तू घरात परत आलेली मी पाहिलेली नाही. कपड्यांचे चिमटे नेलेत, माझी चांगली कात्री नेलीत, पकड तर कुठल्या जन्मी नेलीत देव जाणे. आता बॅटरी.”

“अगं, उद्या संध्याकाळी जागेवर येईल. होऊन जाईल.”

दुपार कलली. बुटांचे फोटो चांगले येत होते. ड्रायव्हर व्हॅन घेऊन जेवण आणायला खाली मोठ्या रस्त्याला गेला होता. खाणीत फोनला रेंज नव्हती. एका बाजूला खडीचा उंच ढिगारा होता, त्यावर चढलं की तेवढी मिळायची. मघाशी बाई घरी बोलायला वर जाऊन आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, “मामा, तुमच्या फोनवर कुणाचे तरी मिस्ड कॉल असतील बघा. माझ्याही फोनवर आत्ता एक अनोळखी नंबर आला होता. उचलायच्या आत कट झाला. तुमच्या घरचा तर नसेल?”

होऊनजाईल खडीवरून घसरत, हातांनी चढत वर पोचला, तोच फोन वाजला.

“अहो!” बायकोचा आवाज चढलेला होता. “किती वेळ फोन लावतेय मी! वीज गेलीये. मघाशीच गेली. आख्ख्या गल्लीची.”

आवाज त्याने साधा ठेवला. “बरं, घाबरू नकोस. सिलिंडर लाव. नळी काढायची यंत्राची आणि...”

“ते मला येतं हो! नळी लावली मी सिलिंडरला. पण तो उघडायचा कशाने? किल्ली कुठंय?”

“तिथेच असेल. सिलिंडरच्या गळ्यात, दोरीला.”

“दोरी आहे. किल्ली नाही.”

“नीट बघ. मागे पडली असेल.”

“खाट सरकवून बघितलं. नाहीये. दोरीची गाठ सोडलेली आहे, अहो. कुणीतरी सोडलीये.”

होऊनजाईलने खाली पाहिलं. खाणीच्या तळाशी दोन दिवे ताठ उभे होते. डावीकडच्या दिव्याच्या मानेवर, उन्हात, ती चपटी पोलादी किल्ली चकाकत होती.

त्याला सगळं आठवलं. काल रात्री खाटेशेजारी बसून तो पिशवी भरत होता. स्टँडचा पेच बसेना. पकड लावून पाहिली, ती निसटायची. सहज नजर सिलिंडरकडे गेली. किल्लीचं भोक चौकोनी. त्याने दोरी सोडली, किल्ली लावून पाहिली, आणि पोरासारखा खूश झाला. “बघ दादा! मापाने घडवल्यासारखी!” दादा हसला होता. “जागेवर... ठेव हं.” आणि त्याने उत्तर दिलं होतं. काय उत्तर दिलं होतं, ते वेगळं सांगायला नको.

“किल्ली इथे आहे,” तो फोनवर म्हणाला. “माझ्याकडे.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पकडीने फिरव,” तो म्हणाला. “पकडीनेही उघडेल.”

“पकड तुमच्या पिशवीत आहे.”

“पाना?”

“तोही.”

“शेजारी?”

“सगळ्यांच्या दाराला कुलूप. कामाला गेलेत सगळे. ॲम्ब्युलन्सला फोन केलाय, निघतोय म्हणाले. अहो, त्यांचे ओठ बघवत नाहीयेत मला. काय करू?”

ह्याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. हा इथे खडीच्या ढिगाऱ्यावर, ती तिथे अंधाऱ्या खोलीत, आणि मधे दीड तासाचा रस्ता. त्याचं तोंड सवयीने उघडलं. “होऊन...” एवढंच निघालं.

“वळणावरचा सायकलवाला,” त्याला एकदम सुचलं. “त्याच्याकडे पकड असेल. पळत जा.”

“आणि ह्यांना एकटं टाकून?”

पलीकडून, लांबून, दादाचा आवाज आला. आवाज कसला, नुसती हवा. “जा.”

“फोन त्याच्या कानाशी ठेव आणि जा,” होऊनजाईल म्हणाला. “मी बोलतो त्याच्याशी. दार उघडं टाक. पळ!”

फोन उशीवर ठेवल्याचा आवाज आला. तिच्या चपला जिन्यावर वाजल्या आणि विरल्या. मग दादाचा श्वास ऐकू यायला लागला. श्वास नव्हताच तो, रिकामा पंप हापसावा तसं काहीतरी होतं, पाणी न येता.

“दादा, मी आहे. ऐकतोयस ना? बोलू नकोस. फक्त ऐक.”

काय बोलायचं अशा वेळी? धीर धर म्हणायचं? धीर धरायलासुद्धा श्वास लागतो. माफ कर म्हणावं, तर मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला माफी द्यायला लावायची? त्याला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तो दिव्यांबद्दल बोलायला लागला.

“डावा दिवा कपारीच्या अंगाने ठेवलाय, दादा. उजवा लांब, नुसता कडेला उजेडाची धार काढायला. तू सांगायचास तसा. बुटाच्या कातडीवर रेघ मस्त येतेय. दगड पांढरा आहे, त्याचाच उजेड खालून परत येतो. वेगळा पांढरा कपडा लावावाच लागला नाही. तू असतास तर म्हणाला असतास, फुकटचा उजेड कधी नाकारू नये. दादा? हळू घे. ओठ आवळून सोड, डॉक्टरने शिकवलंय तसं. ती पोचली असेल आता. वळणच तर आहे.”

हाप. हाप. मग नुसतीच शांतता, आणि पुन्हा एक हाप.

खालून ‘टीं’ ऐकू आली. मग दुसरी. दोन्ही दिवे भरून तयार होते. दादाच्या वाटची हवा इथे उघड्या खाणीत बुटांना चमक आणत होती, आणि टोपलीवर छत्रीखाली ती बॅटरी मजेत बसली होती, अजून अर्ध्याहून जास्त भरलेली.

“मामा!” बाईंनी खालून हाक मारली. “दिवे रेडी आहेत! येताय?”

त्याने हात हलवला. थांबा म्हणून हलवला, की वाचवा म्हणून, त्यालाही सांगता आलं नसतं. “दादा, श्वास घे. घेतोयस ना? दादा, काहीतरी आवाज कर रे. खाटेवर बोट तरी वाजव.”

टक, असं काहीतरी वाजल्यासारखं वाटलं. आणि फोन कट झाला.

त्याने पुन्हा लावला. लागेना. ढिगाऱ्यावर आणखी वर चढला, फोन डोक्यावर धरला, दोन पावलं इकडे, दोन तिकडे. पायाखालची खडी घसरत होती. नंबर लागतच नव्हता. तो धडपडत खाली आला, धावत डाव्या दिव्यापाशी गेला आणि त्याने खिळ्यावरून किल्ली उपटली. दिव्याने मान टाकली, स्टँड कलंडला, आणि काच दगडावर फुटली. कुणाला काही कळेना. त्यालाही कळत नव्हतं, की आता इथे किल्ली हातात घेऊन तो करणार काय होता.

“मामा, काय झालं?”

“दादाचं यंत्र,” तो म्हणाला. “बॅटरी दादाची होती.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “तुम्ही मला सांगितलं का नाहीत? मामा, मी रद्दच करणार होते ना!”

बाईंनीच वायरी उपटल्या, मॉडेलने नवे कोरे बूट घातलेल्या पायांनी धावत जाऊन बॅटरी उचलली, आणि तिघेही खाणीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. व्हॅन नव्हती. ड्रायव्हर जेवण आणायला गेला होता. त्याचा फोन लागत नव्हता, कारण इथे कुणाचाच फोन लागत नव्हता. पांढऱ्या धुळीचा रस्ता सरळ खाली उतरत होता आणि त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिघे नुसते रस्त्याकडे बघत राहिले. होऊनजाईल मधूनच चार पावलं पळायचा, थांबायचा, परत यायचा. पायी निघून काय उजेड पडणार होता?

शेवटी व्हॅन आली. परतीच्या रस्त्यावर त्याने बॅटरी मांडीवर घेतली होती. ड्रायव्हर दोनदा म्हणाला की खाली ठेवा, जड आहे. तो हं म्हणाला आणि तशीच धरून बसला.

घरी पोचला तेव्हा जिन्यातला दिवा लागलेला होता. वीज आली होती. खोलीचं दार सताड उघडं, खाट रिकामी, चादर अर्धी खाली. यंत्र आपलं इमानेइतबारे घुरघुरत होतं आणि उशीवर पडलेल्या नळीतून हवा सोडत होतं. सिलिंडरपाशी सायकलवाला उकिडवा बसला होता.

“गेले?” होऊनजाईलने विचारलं.

“हॉस्पिटलमध्ये गेले,” सायकलवाला घाईने म्हणाला. “आहेत, आहेत. पकडीने उघडला मी. पण तोवर शुद्ध नव्हती हो त्यांना. वहिनी बरोबर गेल्यात. घर उघडं होतं म्हणून मी थांबलो.”

होऊनजाईल खाटेच्या कडेवर बसला आणि लहान पोरासारखा ढसाढसा रडला. सायकलवाल्याने यंत्र बंद केलं, आणि खाली लोंबणारी चादर उचलून वर टाकली.

दादा वाचला. पुष्कळ दिवसांनी घरी आला. पण आता वाक्य तीन तुकड्यांत नाही, शब्दच दोन तुकड्यांत यायला लागला. विनोद करायचं मनात आलं की तो नुसत्या भुवया उडवायचा. त्या दिवसाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. बायकोनेही नाही. तिने फक्त एक नवी पकड आणली आणि खाटेच्या वर भिंतीतल्या खिळ्याला टांगली. होऊनजाईलने माफी मागायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा दादाने हात वर करून त्याला थांबवलं आणि पाणी मागितलं.

एका सकाळी तो दादाचं अंग पुसत होता. फोन शेजारी खाटेवर होता. तो वाजला, आणि ओल्या हाताने त्याने स्पीकर लावला.

“मामा, कसे आहेत दादा?” फोटोग्राफर बाई होत्या. “बरं, ऐका. पुढच्या आठवड्यात नदीपलीकडे काम आहे. वीज नाही तिथे, पण जनरेटर ठरवलाय मी. फक्त तो ऐन वेळी दगा देतो की काय, अशी धास्ती वाटतेय. जमेल तुम्हाला?”

होऊनजाईलच्या हातातलं फडकं थांबलं. त्याने दादाकडे पाहिलं. दादाने सगळं ऐकलं होतं. त्याने दोन श्वास गोळा केले, आणि अगदी मनापासून, टोमण्याचा मागमूस नसलेल्या आवाजात तो म्हणाला, “ने... की. बॅट...री.”

“नको रे, दादा.”

“ने. अडू... नये. काम.”

बोलता बोलता धाप लागली. होऊनजाईलने घाईने त्याचा ओला बनियन डोक्यावरून काढला. दादाच्या गळ्यात दोरी होती. तीच, सिलिंडरच्या गळ्यातली जुनी सुती दोरी, आणि तिच्या टोकाला, बरगड्यांच्या खळग्यात, ती चपटी किल्ली. कातडीवर तिचा चौकोनी वण उमटला होता, म्हणजे झोपेतही ती तिथेच असणार. कुणी बांधून दिली, केव्हापासून आहे, त्याने विचारलं नाही.

दादाचा हात आपसूक वर आला आणि किल्लीवर मिटला. मग आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने नजर खिडकीकडे वळवली. पण मूठ उघडली नाही.

“मामा? आहात ना?” फोनमधून बाई विचारत होत्या.

“नाही जमणार, बाई,” होऊनजाईल म्हणाला.

त्याने धुतलेला सदरा आणला, दादाचे हात एकेक करून बाह्यांत घातले. मुठीतला हात बाहीत जाईना, तेव्हा त्याने मूठ सुटायची वाट न बघता बाहीच रुंद करून धरली. कॉलरखाली दोरी मानेला काचत होती. ती त्याने हलक्या हाताने सरळ केली, आणि वरपासून खालपर्यंत एकेक बटण लावलं.